सोमवारची चार मिनिटे

बारा वाजून दहा मिनिटांनी चिठ्ठी आली.

प्रतिवेदकाच्या हातातली पेन्सिल धावत होती. सभागृहात उच्चारला गेलेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा, दहा मिनिटांची पाळी संपली की मुकाट्याने उठायचे आणि पुढच्याला जागा द्यायची, हे त्याचे काम. त्या दहा मिनिटांत घराला आग लागली तरी मान वर करायची नसते. चिठ्ठी वहीच्या कडेला तशीच पडून राहिली. समोर कुणी ओरडत होते, कुणी बाके बडवत होते. तो ओरडणे टिपत होता आणि बडवणे कंसात घालत होता. पाळी संपली तेव्हाच त्याने घडी उघडली.

'भाऊजी, लवकर या. माझ्यावर चोरीचा आळ आलाय. वहिनी.'

या इमारतीत त्याला नऊ वर्षे झाली होती. इतरांचे बोलणे लिहिता लिहिता त्याचे स्वतःचे बोलणे उन्हातल्या ओहोळासारखे आटत गेले होते. सहकारी त्याला मौनीबाबा म्हणत आणि तो हसून ते मान्य करी. वहिनी त्याच इमारतीत तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीत बसायची. आलेला कागद घ्यायचा, सही द्यायची, शिक्का मारायचा, ज्याचा त्याला पोहोचवायचा. ती दादाशी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि घरात दुसरी बाई नव्हती. आई कशी असते हे त्याला तिच्यामुळेच ठाऊक झाले.

सचिवांच्या खोलीत ती उभी होती. खुर्ची समोर असून उभी होती.

"बसा म्हटलं तर बसत नाहीत," सचिव म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभर जागलेल्या माणसासारखा होता. "तुम्ही तरी सांगा त्यांना."

"बसायचं काय घेऊन बसलात," वहिनी म्हणाली. "चार वाजता पोलीस येणार म्हणतात. उभी असले की निघायला बरं."

प्रकरण असे होते. राज्यपाल वरून नेमलेले आणि सभागृहात बहुमत त्यांच्या विरोधकांचे. दोन वर्षे दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य चालले होते. सभागृहाने विधेयक मंजूर केले होते: बंद केलेले लहान दवाखाने पुन्हा उघडायचे. असे विधेयक राज्यपालांकडे गेले की तीस दिवसांत त्यांनी सही करायची, नाहीतर हरकती लिहून सभागृहाकडे परत पाठवायचे. काहीच केले नाही, तर ते आपोआप कायदा. सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले, तरच ते परत आले असे धरत. तसे परत आले, तर त्याच अधिवेशनात सभागृहाने ते पुन्हा मंजूर करायचे. केले की राज्यपालांना सही चुकत नाही. पण अधिवेशन संपेपर्यंत केले नाही, तर विधेयक मेले.

सकाळी अकराला तिसावा दिवस भरला. साडेअकराला सभागृहनेत्यांनी छाती पुढे काढून जाहीर केले की विधेयक कायदा झाले. पावणेबाराला राज्यपालांच्या कार्यालयातून फोन आला, की विधेयक आम्ही सोमवारीच मोहोरबंद लखोट्यातून परत केले आहे, आणि पोहोच दिल्याची सही तुमच्या आवक खिडकीची आहे.

"आज गुरुवार," सचिव म्हणाले. "अधिवेशन चारला संपतंय. लखोटा त्याआधी सापडला, तर सभागृह दहा मिनिटांत पुन्हा मंजूर करील. नाही सापडला, तर राज्यपालांच्या कार्यालयानं चोरीची तक्रार केलीच आहे."

"आणि आपले नेते?" प्रतिवेदकाने विचारले.

"आपले नेते म्हणतात, एका कारकुनामुळे सरकार अडचणीत आलं."

वहिनी खिडकीबाहेर पाहू लागली. बंद झालेल्या दवाखान्यांपैकी एक तिच्या घराजवळच्या कोपऱ्यावर होता. दादाचे रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रावर शुद्ध करावे लागे. पूर्वी ते चालत जाण्याच्या अंतरावर होई, आता तीन तासांच्या बसने. ज्या विधेयकाची ती वाट पाहत होती, तेच चोरल्याचा तिच्यावर आळ होता.

"वहिनी, सोमवारी लखोटा आला होता?"

"आला होता. दहा पंचेचाळीसला. लाखेची लाल मोहोर होती. मी सही दिली."

"मग?"

"मग इथे आणला. साहेबांच्या खोलीला कुलूप. म्हणून दाराबाहेर बोळातल्या पेटीत टाकला."

"नक्की टाकला?"

"भाऊजी, तुमचं शाळेचं दप्तर पाच वर्षं मी भरलं. एकदा तरी पुस्तक राहिलं का?"

तो ओशाळला. "किती वाजले होते?"

"दहा पन्नास. लगेच घंटा झाली आणि मार्शलनी मला बोळातून हाकललं."

सचिवांनी घसा साफ केला. "एक वाजता मी पेटी उघडली. एक निमंत्रण होतं, दोन वार्तापत्रं होती. लखोटा नव्हता."

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याजवळ. दुसरी अध्यक्षांच्या दालनात खिळ्याला टांगलेली असते. तिच्यावर धूळ साचली असेल."

"आणि तुम्ही स्वतः, म्हणजे..." प्रश्न अर्धा झाला आणि त्याचे कान लाल झाले.

"विचारा, विचारा. पावणेअकरापासून एक वाजेपर्यंत मी सभागृहात तुमच्या नाकासमोर बसलो होतो."

ते खरे होते. सचिवांचे टक्कल सोमवारी सकाळभर त्याच्या वहीवर उजेड पाडत होते.

मार्शल बोळाच्या तोंडाशी सापडले. वाळका, उंच माणूस. आवाज मात्र नगाऱ्यासारखा. अध्यक्ष सभागृहात निघाले की त्यांच्यापुढे चालत आरोळी द्यायची, हा त्यांचा मान.

"घंटा झाली की बोळ मोकळा," ते म्हणाले. "माशीसुद्धा नाही. सभागृह चालू असेपर्यंत दोन्ही तोंडांना माझी माणसं. सोमवारी एक वाजेपर्यंत कुणीही आत आलं नाही. लिहून देतो."

"घंटेनंतर बोळात कोण?"

"मी पुढे, अध्यक्षसाहेब मागे. बस."

"सोमवारी काही वेगळं घडलं?"

"वेगळं काय घडणार? तोच बोळ, तेच बूट." मार्शल थांबले. "साहेब जरा रेंगाळले, एवढंच. मी दाराशी पोहोचलो, आरोळीला तोंड उघडलं, तर मागे पावलंच वाजेनात. तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिलो."

"मागे वळून नाही पाहिलंत?"

"वळायचं नसतं हो! तेवीस वर्षांत वळलो नाही. बायको म्हणते, बाजारात पिशव्या घेऊन मी मागे राहते आणि तुम्ही घरी पोहोचता."

"किती वेळ थांबलात?"

"घड्याळ भिंतीवर, मागे. बघायचं तर वळावं लागतं."

प्रतिवेदक आपल्या टेबलाकडे परतला. सोमवारची पहिली पाळी त्याचीच होती. त्याने लघुलिपीची वही काढली. पहिल्या ओळीत बैठक सुरू होण्याची वेळ लिहायची असते. तिथे त्याच्याच हाताने लिहिले होते: अकरा वाजून चार मिनिटे. नऊ वर्षांत अकराखेरीज दुसरा आकडा त्याने तिथे कधी लिहिला नव्हता, आणि लिहिताना त्याला त्याचे काही वाटलेही नव्हते.

त्याची नजर खाली सरकली. पाचव्या ओळीत अध्यक्षांचे वाक्य होते: 'अनुक्रमांक एक ते सतरा हे कागद सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहेत.' त्यातल्या सतरावर आडवी रेघ होती, आणि वर सोळा.

ती रेघ त्याची होती. छापील यादीत सोळाच कागद होते, आणि उच्चारलेले व छापलेले जुळले नाही तर छापलेले खरे धरायचे, असा खात्याचा जुना शिरस्ता होता. त्याने सतरा स्वच्छ ऐकले होते. तरीही यादी समोर ठेवून त्याने आपल्या कानाला खोटे ठरवले होते. त्याला वाटले, माणसाने स्वतःवर केलेला हा केवढा लहानसा अन्याय. आणि तो त्याने किती सवयीने केला होता.

तीन वाजत आले होते. तो ग्रंथालयाकडे धावला.

ग्रंथपालबाई जिन्याखालच्या दालनात बसत. पटलावर ठेवलेले कागद त्याच संध्याकाळी शिक्का मारून, गठ्ठा बांधून त्यांच्याकडे येत.

"अगंबाई, मौनीबाबा! बोलायला आलास की बसायला?"

"सोमवारचा गठ्ठा हवाय."

"गठ्ठा?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वीस वर्षांत कुणी गठ्ठा मागितला नाही. पटलावर ठेवलेला कागद म्हणजे पुरलेला कागद रे. वर फुलं वाहायची तेवढी राहतात. मंडळांचे अहवाल, महामंडळांचे अहवाल. कोण वाचतंय?"

"हल्ली इथे वाचायला येतं तरी कोण?"

"का, तुझे अध्यक्ष आले होते की! मागच्या आठवड्यात. डोंगराकडच्या त्या लांबच्या राज्याची होती नव्हती ती सगळी पुस्तकं घेऊन गेले. हवामान, इतिहास, शिष्टाचार. म्हटलं, साहेब, फिरायला? तर नुसते हसले."

त्या राज्याचे राज्यपालपद दोन महिने रिकामे होते. प्रतिवेदकाने ती बातमी कधीतरी कुणाच्या भाषणात लिहिली होती.

गठ्ठ्याची गाठ सुटता सुटेना. शेवटी बाईंनी ती दाताने सोडवली. दोघांनी मोजले. एक, दोन, पाच, अकरा. सोळावा अहवाल मत्स्यव्यवसायाचा होता. त्याच्याखाली जाड, पिवळसर लखोटा. लाल मोहोर शाबूत. कोपऱ्यात निळा शिक्का: 'पटलावर ठेवले', सोमवारची तारीख.

"अरे देवा," बाई हळूच म्हणाल्या. "हा इथे कुणी पुरला?"

सव्वातीनला लखोटा सचिवांच्या टेबलावर होता. सचिवांनी तो बराच वेळ हात न लावता पाहिला.

"थेट नेत्यांना देऊ या," प्रतिवेदक म्हणाला.

"सभागृहाचा कागद अध्यक्षांच्या परवानगीखेरीज कुणाला देता येत नाही," सचिव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्यांदा उच्चारले होते की आता ते न उच्चारणे त्यांना जमणारे नव्हते. "आधी अध्यक्षांकडे. नियम आहे."

आसनावर तोवर उपाध्यक्ष होते; अध्यक्षांच्या दालनात साडेतीन वाजता पाच माणसे होती. अध्यक्ष मऊ आवाजाचे, देखणे, वयस्क गृहस्थ. त्यांनी वहिनीला आपल्या हाताने खुर्ची पुढे केली. मार्शल दाराशी. सचिव भिंतीला टेकून. आणि मधोमध, कधीही न बोलणारा माणूस.

"ऐकतोय मी," अध्यक्ष म्हणाले.

प्रतिवेदकाने सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा फुटेना, मग फुटला.

"लखोटा दहा पन्नासला पेटीत पडला. एक वाजता पेटीत नव्हता. मधल्या वेळात बोळात फक्त दोन माणसं आली. मार्शल पुढे चालत होते आणि ते मागे वळून पाहत नाहीत. दुसऱ्या माणसाजवळ पेटीची किल्ली होती. त्या दिवशी बैठक चार मिनिटं उशिरा सुरू झाली. पेटी उघडायला, लखोटा घ्यायला, किल्ली खिशात टाकायला चार मिनिटं पुष्कळ होतात."

मार्शलांचा चेहरा उतरला.

"पण लखोटा फाडून टाकायचा नव्हता," तो पुढे म्हणाला. "तो सापडायला हवा होता, फक्त उशिरा. आज चारनंतर. हरवला असता तर विधेयक कायदा झालं असतं. वेळेत सापडला असता तर सभागृहानं पुन्हा मंजूर केलं असतं. अधिवेशन संपल्यावर सापडला, तरच ते मरतं. म्हणून तो अशा ठिकाणी ठेवला, जिथे तो रीतसर पोहोचला असं म्हणता येईल, पण कुणी बघणार नाही. पटलावर. सोळा अहवालांच्या खाली. यादी छापून झाली होती, म्हणून क्रमांक नुसता तोंडाने उच्चारला. सतरा."

"आणि मी हे का करावं?" अध्यक्षांनी अगदी आपुलकीने विचारले.

"डोंगरातल्या राज्याचं राज्यपालपद रिकामं आहे, आणि ते वरून मिळतं. तिथल्या हवामानाची पुस्तकं तुमच्या घरी आहेत."

मग अध्यक्ष हसले. पकडल्या गेलेल्या माणसाचे ते हसू नव्हते.

"छान. आता मी काय चूक केली ते सांगा. कागद सभागृहाचा होता, मी सभागृहापुढे ठेवला. क्रमांक मोठ्याने म्हटला. ऐकायला दोनशे कान होते. एकानं तरी विचारलं का, सतरावा कोणता?" त्यांनी प्रतिवेदकाकडे बोट केले. "एकानं मात्र ऐकलं. आणि त्यानं ते खोडलं."

"साहेब," सचिव म्हणाले, "अजून पंचवीस मिनिटं आहेत. लखोटा आत्ता मांडा. पुन्हा मंजूर होईल. या बाईही सुटतील."

"आजच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय नाही," अध्यक्ष उठत म्हणाले. "चला, मार्शल."

मार्शल निघाले. दाराशी ते क्षणभर थबकले. वाटले, आता वळतील. वळले नाहीत.

शेवटची पाळी पुन्हा प्रतिवेदकाची होती. तो अध्यक्षांच्या आसनाखाली आपल्या टेबलाशी बसला. वर समारोपाची भाषणे चालू होती. सगळे एकमेकांचे आभार मानत होते. सचिवांनी अखेर छत्तीस वर्षांत न मोडलेला नियम मोडला आणि नेत्यांकडे चिठ्ठी पाठवली. नेत्यांनी ती न वाचता खिशात घातली. दिवसभरात अशा चाळीस आल्या होत्या. सचिवांनी दुसरी पाठवली. ती नेत्यांनी वाचली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

चारला दोन मिनिटे कमी होती.

"अध्यक्ष महाराज!" नेते उठून ओरडले. "माझा हरकतीचा मुद्दा..."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"सभागृहाची बैठक बेमुदत तहकूब करण्यात येत आहे."

घंटा झाली. अधिवेशन संपले, आणि सभागृह पेटून उठल्यासारखे झाले. कुणी आसनाकडे धावले, कुणी कागद भिरकावले, कुणी नेत्यांनाच शिव्या घातल्या. प्रतिवेदकाची पेन्सिल थांबली होती. तहकुबीनंतरचा शब्द नोंदवायचा नसतो. त्या गदारोळातले एक अक्षरही कुठे उतरणार नव्हते.

तो आपल्या खोलीत आला तेव्हा पोलीस निरीक्षक बसले होते, लखोटा समोर होता, आणि वहिनी या वेळी खुर्चीवर बसली होती.

"मला राजकारण कळत नाही," निरीक्षक वैतागून म्हणाले. "अध्यक्ष म्हणतात सोमवारी पटलावर ठेवला. तुमच्या नोंदीत सोळाच कागद. शिक्क्यांचा काय भरवसा? खिडकीवर शिक्के यांच्याच हाताशी असतात. तक्रारदार म्हणणार, बाईंनी घाबरून तो मागाहून गठ्ठ्यात सरकवला. तेव्हा एवढंच सांगा. सोळा की सतरा? सतरा असेल, तर दुरुस्तीपत्र लिहून द्या, मी निघालो. सोळा असेल, तर यांना माझ्याबरोबर यावं लागेल."

"पाच मिनिटं द्या," प्रतिवेदक म्हणाला.

निरीक्षक बाहेर गेले. वहिनीने चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागली.

"सोळाच राहू द्या," ती म्हणाली.

"वहिनी..."

"मला कळतं हो. एवढी वर्षं कागदच हाताळतेय. सोळा असलं, तर लखोटा सभागृहापुढे आलाच नाही. म्हणजे विधेयक कायदा. कोपऱ्यावरचा दवाखाना उघडेल."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, बघू. वकील असतात, कोर्ट असतं."

"आणि तोवर दादाला बसनं नेणार कोण? रात्री उठून त्याचा पाय चेपणार कोण?"

चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. ती पुसत राहिली.

त्याने वही उघडली. पान फाडले असते, तर कुणाला कळले नसते. एका रेघेत एक दवाखाना होता, अनेक दवाखाने होते, बसच्या थांब्यांवर ताटकळणारी कितीतरी माणसे होती. आणि त्याच रेघेखाली वहिनी होती. त्याने पुन्हा एकदा आठवून पाहिले. ऐकू आले होते ते सतराच होते. हे एक कारण त्याने स्वतःला मोठ्याने सांगितले. दुसरे, खरे कारण समोर बसले होते, आणि त्याच्याकडे पाहत नव्हते.

त्याने दुरुस्तीपत्र लिहिले. 'सोमवारच्या प्रतिवेदनात सोळा असे वाचले जाते, तेथे सतरा असे वाचावे. चूक प्रतिवेदकाची आहे.' खाली सही केली. निरीक्षकांनी वाचले, मान हलवली, नक्कल घेतली आणि गेले. दाराशी अध्यक्षांचा माणूस दुसऱ्या नकलेसाठी उभाच होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, मूळ प्रत लगेच राज्यपालांच्या कार्यालयात जाऊ द्या."

मूळ प्रत जायची तर जावकच्या खिडकीतूनच जायची. इमारतीत दुसरी वाट नव्हती.

वहिनी खाली उतरली. खिडकी उघडून जागेवर बसली. प्रतिवेदकाने बाहेरच्या बाजूने, इतर लोक देतात तसा, कागद आत सरकवला. तिने तो वाचला, वाचावा लागतो. नोंदवहीत क्रमांक घातला, तारीख घातली, 'विषय' या रकान्यात क्षणभर थांबून 'दुरुस्ती' असे लिहिले. मग शिक्का उचलला आणि दोन्ही हातांनी दाबून मारला.

खिडकीशी आणखी एक माणूस कसलासा अर्ज घेऊन उभा होता.

"बोला," वहिनी त्याला म्हणाली. "तुमचं काय?"